मामांनी मांडलेली ताटं

मुलगी दीड वर्षाची होती तेव्हा मी पाटीवरच्या पेन्सिली खायला लागले. लिहिताना अजूनही लाज वाटते, पण खरं आहे. कडेगाव तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत मी पहिलीला शिकवते. मुलांच्या तुटक्या पेन्सिली एका डब्यात जमा व्हायच्या. एकदा सहज एक तुकडा दाताखाली धरला आणि ती गार, मातकट चव सुटेचना. मग रोजच सुरू झालं. मधल्या सुट्टीत फळ्याकडं तोंड करून मी पेन्सिल चावायची आणि कुणाला दिसू नये म्हणून पदरानं ओठ पुसायची. जिने चढताना धाप लागायची, केस मूठमूठ गळायचे. तान्ह्या मुलीची आई म्हणजे थकणारच, असं मी धरून चालले होते.

माझं माहेर वाईचं. सासरी आम्ही चौघं राहतो. मामा, आत्या, मी आणि मुलगी. आमच्याकडं सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्या म्हणतात. नवरा लष्करात, वर्षातून दोनदा रजेवर येतो. मामाही लष्करातलेच, पण त्यांच्या हातात बंदुकीपेक्षा पळीच जास्त राहिली. पलटणीच्या लंगरात, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरात, ते नोकरीभर स्वयंपाकी होते. निवृत्त होऊन घरी आल्यावर मात्र त्यांना गॅसपाशी थारा नव्हता. "गडीमानूस भाकरी थापाय लागला तर गाव काय म्हनंल?" असं म्हणून आत्यांनी त्यांना उसाच्या रानात पाठवलं होतं.

एका रविवारी सकाळी अंगणात कपडे वाळत घालताना माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. दोरी धरून मी खाली बसले आणि गाऊनच्या खिशातले पेन्सिलीचे तुकडे फरशीवर सांडले. मामा गोठ्यातून धावत आले. मला पाणी दिलं. मग एक तुकडा उचलून त्यावरच्या दातांच्या खुणा बघत राहिले.

"पोरी, ह्ये तू खातीस?"

मला रडूच फुटलं.

"आगं, रडतीस कशाला? आमच्या पलटनीत एक जवान भिंतीचा चुना खरवडून खायचा. डागदरनं तपासलं तर अंगात रगतच न्हाई. उद्या सांगलीला जाऊ."

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकली. मुलीला आत्यांपाशी ठेवून आम्ही दोघं एसटीनं सांगलीला गेलो. विश्रामबागेत एक डॉक्टर बाई आहेत. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. पेन्सिलीचं मी खालच्या मानेनं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "शरीरात लोह कमी झालं की काहींना माती, खडू, कच्चे तांदूळ असं काहीबाही खावंसं वाटतं. तुमच्यासारख्या पुष्कळ जणी येतात. फक्त सांगत नाहीत." माझ्या छातीवरचं केवढं ओझं उतरलं!

मग त्यांनी विचारलं, "काल दिवसभरात काय खाल्लं, सांगा. अगदी खरं."

मी आठवत गेले. सकाळी चहा, नंतर चहा-चपाती. दुपारी भाकरी आणि चटणी, कारण वांग्याची भाजी संपली होती. वर चहा. संध्याकाळी परत चहा. रात्री आमटीतलं पाणी आणि भात.

"आमटीतलं पाणी म्हणजे?"

"डाळ तळाशी बसते ना. आधी बसतात त्यांना ती तळातून काढून वाढतो. शेवटी नुसतं पाणी राहतं."

"शेवटी कोण बसतं?"

"मी आणि सासूबाई."

मामा शेजारच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. जेवणाबरोबरचा चहा बंद करायला सांगितला, कारण चहामुळं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. चहा प्यायचाच तर जेवणाआधी किंवा नंतर तासभर सोडून. पालेभाजी, मटकी, हुलगा, तीळ, अंडी हे रोज आलटूनपालटून, आणि भाजीवर लिंबू पिळायचं. मी विचारलं, "आत्या म्हणतात गुळानं रक्त वाढतं. मी रोज खडा खाते."

त्या हसल्या. "गूळ गोडाला खा. पण नुसत्या गुळावर रक्त भरत नाही. जेवायला लागतं. आणि सगळ्यांबरोबर जेवायला लागतं."

परतीच्या एसटीत मामा खिडकीकडं तोंड करून बसले होते. गाव जवळ आल्यावर एकदम म्हणाले, "तुझी आत्ती काय खाती गं?"

मी इतकंच म्हणाले, "त्या मला जास्त वाढतात, मामा."

दुसऱ्या दिवशी रात्री मामा स्वयंपाकघरात आले. खाली चार ताटं ओळीनं मांडली आणि पळी हातात घेतली. आत्या भाकरी भाजत होत्या.

"आवं, काय चालवलंय?"

"वाढतूय."

"ठिवा ती पळी खाली! आमी बसतू की मागनं."

"मागनं न्हाई. लंगरात सुभेदार असू दे न्हाईतर झाडूवाला, पळी तळापातूर जायाची आन डाळ सगळ्यास्नी सारखी पडायची. हितं बी तसंच."

"ही काय पलटन हाय व्हय?"

"न्हाई. म्हनून तर चुकलं."

त्या दिवशी आत्या भिंतीकडं तोंड करून जेवल्या, तेही अर्धंच. त्यांच्या मनाला लागलं होतं. सुनेचं रक्त कमी निघालं, म्हणजे सासूनं उपाशी ठेवलं असं गाव म्हणणार, ही त्यांची धास्ती. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "तू पेनशीली खातीस ते मला ठावं व्हतं."

मी थक्क झाले. "मग बोलला का नाहीत?"

"बोलायचं काय त्येच्यात? मी बी चुलीची माती खायाची की. माझी आय बी खायाची. मला वाटलं, बायकांचं आसतंय तसं."

पुढचे महिने घरात मामांचं राज्य होतं. आठवडी बाजारातून ते चाकवत, राजगिरा, मेथी आणायचे. पूर्वेकडचे धनगर हुलगे विकायला यायचे, त्यांच्याकडून हुलगे घेऊन शेंगोळ्या वळायला बसायचे. शंभर माणसांच्या अंदाजाची सवय असल्यामुळं सुरुवातीला मटकीची उसळ इतकी व्हायची की शेजारीपाजारी वाटावी लागे. गोळ्यांनी माझं पोट बिघडलं, तेव्हा वेळ बदलून त्या जेवणानंतर दिल्या तर चालेल का, हे त्यांनी स्वतः डॉक्टरांना फोन करून विचारून घेतलं. आत्यांशी मात्र चहावरून रोज वाद. "च्या बंद म्हंजी मानूसच बंद," असं त्या म्हणायच्या. शेवटी चारचा चहा दोघं मिळून ओट्यावर बसून पिणार, यावर समेट झाला.

तीन महिन्यांनी मला परत तपासणीला बोलावलं होतं. मुलीला सांभाळायला आत्याही आल्या, आणि मामा होतेच. माझं रक्त अकराच्या वर गेलं होतं. पेन्सिलीची ओढ तर कधीच गेली होती. डॉक्टर बाई खूश झाल्या. मुलीला खाऊ देताना त्यांचं लक्ष आत्यांच्या चेहऱ्याकडं गेलं. त्यांनी उठून आत्यांची खालची पापणी ओढून पाहिली. आत पांढरंफटक.

"तुमचं रक्त कधी तपासलंय?"

"मला काय झालंय? मी तर कायमच आशी हाय."

तपासलं तर सात.

डॉक्टर म्हणाल्या, या वयात नुसतं खाण्यामुळंच असेल असं धरून चालायचं नाही, आणखी तपासण्या करू. त्या सगळ्या झाल्या. सुदैवानं दुसरं काही निघालं नाही. पण त्या दिवशी तो आकडा ऐकून मामा उठून बाहेर गेले. मी मागोमाग गेले. ते पायरीवर बसले होते.

"उभी नोकरी पोरांच्या ताटात बघत काढली," ते म्हणाले. "कोन जेवला न्हाई, कुनाची भूक मेली, नुसत्या तोंडावरनं वळकायचो. आन घरात माझं ताट आलं की जेवायचो आन उठायचो. तिच्या ताटात काय हाय, ह्ये यकदा बी बगितलं न्हाई."

मी शेजारी बसले. थोड्या वेळानं आत्या मुलीला कडेवर घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आवं, हितं काय बसलाय? लय भूक लागलीया."

मामा उठले. जवळच्या खानावळीत आम्ही तिघं जेवलो. पहिलं ताट आलं ते मामांनी आत्यांपुढं सरकवलं आणि वर लिंबाची फोड मागून घेतली.

आत्यांना सलाईनमधून लोह द्यावं लागलं. त्यासाठी चार फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक फेरीला मामा पलंगाशेजारी शेंगदाणे सोलत बसले. पावसाळा सरेपर्यंत आत्यांच्या गालांवर रंग आला. थकवा गेला तसा आवाज वाढला. आता त्या मला आणि मामांना दोघांनाही रागावतात, आणि गल्लीतल्या पोरीबाळींची पापणी ओढून बघतात.

दिवाळीत नवरा रजेवर आला. पहिल्याच दिवशी आम्ही पाचही जण ओळीनं जेवायला बसलो. त्याची भाकरी संपली, तसं सवयीनं तो म्हणाला, "आई, भाजी वाढ की."

आत्यांनी तोंडातला घास सावकाश चावून गिळला.

"पातेलं तुझ्याम्होरंच हाय. हात हायती न्हवं?"

त्यानं पातेलं ओढून घेतलं, भाजी वाढून घेतली आणि पळी तशीच हातात धरून विचारलं, "तुला घालू का गं?"

"अर्धी पळी घाल," आत्या म्हणाल्या, "आन तळातनं घाल."