कुजबुजरावांचं दीड पान

दवाखान्यातल्या कंपाउंडरला हौशी नाटकमंडळीत सगळे कुजबुजराव म्हणत. बावीस वर्षं हा माणूस विंगेत स्टुलावर बसून, विसरणाऱ्यांना वाक्यं पुरवत आला. नाटक कुणाचंही असो, पाठ यालाच! टाळ्या मात्र दुसऱ्यांना. अहो, बायकोनंसुद्धा एक प्रयोग बघितला नव्हता. "पडद्यामागचा नवरा काय बघायचा? तो घरी आहेच की," म्हणायची.

यंदा रहस्यनाटक होतं. प्रयोगाला चार दिवस उरले आणि खुनी झालेल्या कॅशियरचा पाय मोडला. वाईटच झालं, पण खरं सांगायचं तर कुजबुजरावांना देव पावला. सगळं तोंडपाठ असलेला दुसरा होता कोण? खुनी तोंडाला काळं फडकं बांधून म्हाताऱ्या मालकिणीच्या खोलीत शिरतो, झटापटीत ती ते ओढते, आणि मग तो उघड्या तोंडानं दीड पान बोलतो. ते दीड पान त्यांनी घरी ऐकवलं नाही. "तिथंच येऊन बघ," एवढंच बायकोला म्हणाले. ती येते म्हणाली. तिनं एकदा आपल्याला रंगमंचावर बघावं, बास, याहून त्यांना काही नको होतं.

आता या मंडळींची अक्कल बघा! प्रॉम्प्टरला खुनी केला, पण त्याच्या जागी स्टुलावर कोण बसणार, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. खुद्द कुजबुजरावांच्याही नाही.

तिसरा अंक. मालकीण झालेल्या मुख्याध्यापिका बाई खुर्चीत. कुजबुजराव दोरी घेऊन शिरले. सभागृह चिडीचूप. बाईंनी फडकं ओढायला हात उचलला आणि किंचाळल्या, "इन्स्पेक्टर, धावा! तो खिडकीतून पळाला!"

झालं! बाईंनी दोन पानं गाळली होती. खुनी तर समोर उभा! कुजबुजरावांनी खरं वाक्य हळूच सुचवलं, पण जाड फडक्यातून ऐकू येणार कप्पाळ? फडकं स्वतःच काढता आलं असतं. हात गालापर्यंत गेलाही. पण बाईंना आपली चूक कळली होती, डोळे भरून आले होते, आणि समोर त्यांच्या शाळेतले सगळे शिक्षक बसलेले. बाईंचं हसं झालं असतं. कुजबुजरावांनी मुकाट्यानं खिडकीतून उडी टाकली. इन्स्पेक्टर झालेल्या शिंप्यानं "खुनी सापडला हो!" म्हणत कशीबशी वेळ मारून नेली. पडदा पडला, टाळ्या झाल्या. कुजबुजराव खिडकीमागच्या गादीवर तसेच बसून राहिले. हातातोंडाशी आलेला घास गेला होता. फार वाईट वाटलं त्यांना.

लोक पांगल्यावर बायको शोधत आली. "तोंड का नाही दाखवलंत? शेजारणीला सांगून ठेवलं होतं मी, आता दाखवतील, आता दाखवतील!"

"बाईंची पानं गळाली."

"आणि तुमचं बोलणं?"

"राहिलं."

ती परत गेली ती थेट पहिल्या रांगेत जाऊन बसली. पर्स मांडीवर ठेवली. "म्हणा. मी बघायला आलेय."

"अगं, खुर्च्या उचलतायत..."

"उचलू देत. ही एक राहू दे."

कुजबुजराव पुढं आले. फडकं सोडलं. आणि बोलले, अख्खं दीड पान, असं की खुर्च्या उचलणारे जागच्या जागी थांबले.

बायको पदरानं डोळे टिपत म्हणाली, "एवढा आवाज होता तुमच्याकडं? मग माझ्याशी का हो कधी असं मोकळेपणी बोलला नाहीत?"