सोडा तिला

मंडळी, आत्ताच लेकीला घेऊन घरी आले.

आज आमच्या पूर्णा गावात वरातीचा बँड वाजताच माझी सतरा वर्षांची स्वमग्न लेक कान झाकून रस्त्यातच बसली आणि किंचाळू लागली. तिला आवाज सोसत नाही. शेजारच्या काकू धावत आल्या. "फिट आलीय, चप्पल हुंगवा." चौघांनी तिला दाबून धरलं. ती गुदमरायली.

"सोडा तिला, बँड थांबवा," मी म्हणाले.

"पोरगी मरायलीय अन् तू सोडा म्हणायलीस?" काकूंनी तिला रिक्षात घातलंच.

दवाखाना येईस्तोवर बँड मागं राहिला. ती आपोआप शांत झाली. दंडावर मात्र वळ होते.

विद्यापीठ नामांतराच्या वर्षांत गल्लीतून मोर्चा गेला की माझा भाऊही घोषणांच्या आवाजानं असाच किंचाळायचा. त्याला बांधून दवाखान्यात न्यायचे.

उद्या मी तिच्याजवळ नसेन, तेव्हा "सोडा तिला" असं तुमच्यातलं कोण म्हणेल?