पंखा बंद कोण करतं?

पुष्पाबाईंचा स्वभाव पहिल्यापासून तापट. लग्न होऊन त्या पारोळ्याहून सुरतेत आल्या. नवरा जवळच्या कडोदऱ्याला यंत्रमागावर कामाला जायचा आणि त्या घरी बसून साड्यांना टिकल्या लावायच्या. व्यापाऱ्याचा माणूस मालात खोट काढायला लागला, की साडी त्याच्या नाकापुढे धरून म्हणायच्या, "कुठं शे, दाखव!" त्याला दाखवता यायचं नाही. खोटा आळ पुष्पाबाईंनी कधी सोसलाच नाही.

साठी उलटल्यावर तसाच आळ आला, तोही घरच्यांकडून आणि एका पंख्यापायी.

नवरा गेल्यावर मुलगा योगेंद्र त्यांना सुरतेतल्याच डिंडोली भागातल्या नव्या बिल्डिंगमध्ये घेऊन आला. बिल्डरनेच सगळ्या फ्लॅटांत रिमोटवर चालणारे पंखे बसवले होते. दुपारी पुष्पाबाईंचा जरा डोळा लागला, की पंखा बंद. कधी आपोआप सुसाट सुटायचा.

"माय, तूच बटन दाबस आनि इसरी जास," योगेंद्र म्हणाला.

"मी हातबी नई लावा त्याले!"

त्याने रिमोटचे सेल बदलले. रविवारी पंख्याखाली बसून पाहिलं, तर मेला गरीब गाईसारखा फिरत राहिला. मग दुखणं पंख्याचं नाही, आईचं, असं घरात ठरलं. सून जयश्री कामावर जाताना सिलिंडर बंद करून लायटर कपाटात ठेवू लागली. स्वतःच्या घरात पुष्पाबाईंना घोटभर चहा करायची चोरी झाली. वर योगेंद्रने त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने आज वार कोणता, असं विचारताच त्या कडाडल्या, "सोमवार! येडी नई शे मी!"

योगेंद्र त्यांना घरी सोडून कामावर गेला, तरी रागाने अंगाची लाही होत होती. त्या पलंगावर टेकल्या आणि पंखा थांबला. त्यांनी रिमोट उचलून चालूचं बटण असं दाबलं, जणू कुणाचा गळाच दाबत होत्या. तोच शेजारच्या फ्लॅटमधून बाई ओरडल्याचं ऐकू आलं, "पुन्हा सुटला मेला! आत्ता बाळ झोपलं होतं!"

पुष्पाबाई जागच्या जागी थबकल्या. त्यांनी बंदचं बटण दाबलं. पलीकडचा आवाज आला, "आता आपोआप बंद!"

रिमोट हातात घेऊनच त्यांनी शेजारचं दार ठोठावलं. दार मृणालने उघडलं. ती नाशिककडची, बँकेत नोकरीला, सध्या बाळंतपणाच्या रजेवर; रविवारी मात्र बाळाला घेऊन नातेवाइकांकडे जायची.

"पोरी, तुझा पंखा मी चालवते, आणि माझा तू बंद करतेस," पुष्पाबाई म्हणाल्या आणि तिच्यासमोरच बटण दाबलं. मृणालच्या डोक्यावरचा पंखा गरगर फिरू लागला.

मृणालचंही डोकं फिरलं. "मावशी, मी नवऱ्याशी रोज भांडतेय यावरून! दोनदा इलेक्ट्रिशियन येऊन गेला!"

तिने कंपनीला फोन लावला आणि आधी मनसोक्त झाडलं. मग पलीकडच्या माणसाने सांगितलं, की दोन्ही रिमोटचा कोड एकच पडला असेल आणि या रिमोटला भिंत आडवी येत नाही. पुष्पाबाईंच्या पंख्याचा स्विच बंद ठेवायचा, मृणालचा बंद करून पुन्हा चालू करायचा आणि पंखा 'पीं' करेपर्यंत तिच्या रिमोटचं बटण दाबून धरायचं, म्हणजे त्याला नवा कोड मिळतो. तसं केल्यावर ज्याचा पंखा त्याच्याच रिमोटचं ऐकू लागला.

संध्याकाळी सगळं ऐकून योगेंद्र हसला. "चल माय, सुटनं एकदाचं."

"हसू नको!" पुष्पाबाईंचा आवाज जिन्यापर्यंत गेला. "माले येडी ठराई दिधं तुम्हीं! मी इसरस म्हनीसन कोनकोनले सांगं तू?"

पारोळ्याच्या मामांना आणि नंदुरबारच्या बहिणीला सांगितल्याचं त्याने कबूल केलं.

"लाव फोन. माले ऐकू येवाले पाहिजे."

जयश्रीने लायटर आणून ओट्यावर ठेवला. योगेंद्रने दोन्ही ठिकाणी फोन लावून आईसमोर सांगितलं, की चूक पंख्याची होती आणि माझी. बहीण तिकडून त्यालाच रागावली. पुष्पाबाई शेवटपर्यंत हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्याने पाया पडून माफी मागितली, तरी पुढचे काही दिवस त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. दुपारचा चहा मात्र त्या आता मृणालकडे बसून घेतात.