खंड्याच्या कानातला पिवळा रंग

देव आहे की नाही, यावर मी कधी कुणाशी वाद घातला नाही. माझी चौकशी वेगळीच असायची. तो असेल तर काम करतो कसं? आणि ज्या दिवशी करत नाही, त्या दिवशी असतो कुठं? लग्न होऊन राजुरीला आले, तेव्हा हे सगळं मी सासऱ्यांनाच विचारायची. मामंजी खंडोबाचे मोठे भक्त. पण चिडायचे नाहीत. हसून म्हणायचे, "सूनबाई, तू पोलिसात जायला पायजे व्हतं."

पुढं म्हातारपणी त्यांची नजर गेली. आमचे हे चाकणला कंपनीत, घरी यायचे ते सुट्टीला. मळ्यातल्या घरात मी, मामंजी आणि खंड्या नावाचं कुत्रं. खंड्याच्या गळ्यात घुंगरू होतं. तो पुढं चालायचा आणि मामंजी त्या आवाजामागून गोठ्यापर्यंत, विहिरीपर्यंत, थेट बांधापर्यंत जाऊन यायचे. तेव्हा आमच्याकडं उसात बिबट्या दिसू लागला होता. खंड्या थांबून गुरगुरला की मामंजी मागं फिरायचे. त्यांचे डोळे म्हणजे ते घुंगरूच होतं. दर रविवारी आंघोळ झाली की ते खंड्याला जवळ घ्यायचे. कुत्रं हे खंडोबाचं, म्हणून हातानं चाचपत त्याच्या कपाळाला, कानांना भंडारा माखायचे आणि चिमूटभर जिभेवर ठेवायचे. आमचं कुत्रं बारा महिने हळदीच्या नवरदेवासारखं पिवळं असायचं.

एका वैशाखात खंड्यानं खाणं सोडलं. अंग तापलेलं, मागचे पाय लटपटायचे आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट. वस्तीवरचे लोक म्हणाले, कुणीतरी इख घातलं. कुणी ताक पाजायला सांगितलं, ते पाजलं. मी त्याचे ओठ उलटे करून बघितले, कान बघितले. सगळं पिवळं. म्हटलं, मामंजींचा भंडारा. डोळ्यांतही पिवळेपणा होता, तर म्हटलं, डोळ्यांत गेला असेल. जगाला प्रश्न विचारणारी मी, पण त्या पिवळ्या रंगाला काही विचारावं असं मनातसुद्धा आलं नाही. इकडं मामंजी खाटेला खिळले. अंगणातसुद्धा उतरेनात. "खंड्या न्हाई तर मी कुठं जाऊ?" एवढंच म्हणायचे. कुत्र्याबरोबर हा माणूसही जाणार, याची मला मनातून खात्रीच झाली होती.

रविवार उजाडला. जनावरांचा दवाखाना बंद. मामंजी म्हणाले, याला खंडोबाच्या टेकडीवर ने. मी वैतागून बोलले, "देवाकडं काय इंजेक्शन असतंय का?" त्यांनी खाटेवरून हात खाली सोडला आणि खंड्याला चाचपू लागले. ते मला बघवेना. शेवटी शेजाऱ्यांच्या टेम्पोत दोघांना घातलं आणि निघाले. टेकडीच्या पायऱ्या सुरू झाल्या आणि तिसऱ्याच पायरीवर मामंजी खंड्याला मांडीवर घेऊन मटकन खाली बसले. आता काही केल्या उठेनात.

त्याच वेळी मागून एक नवं जोडपं आलं. आमच्याकडं लग्नानंतर नवरा नवरीला उचलून पाच पायऱ्या चढतो. हा गडीही तिला उचलून घामाघूम होऊन वर येत होता आणि वाटेत आमची वरात बसलेली. तो थबकला. वर उचललेल्या नवरीचं लक्ष खंड्याकडं गेलं. ती म्हणाली, "अहो, मला खाली ठेवा." मागून सासू ओरडली, "अगं बाई, पाच पुऱ्या व्हायच्यात अजून! खाली पाय टेकू नगं!" पण पोरगी उतरलीच. खंड्यापाशी उकिडवी बसली, शालूचा पदर बाटलीतल्या पाण्यानं भिजवला आणि त्याचा कान आतून पुसला. पदराला भंडारा लागला. तिनं परत पुसलं. आता पदर कोरा, पण कान तसाच पिवळा. मी बघतच राहिले. "मावशी, हा भंडारा नाही. कावीळ आहे," ती म्हणाली. मग कानामागचे केस बाजूला केले, तर मुगासारखे टम्म गोचीड. "गाईंना गोचीड ताप येतो ना? त्याचाच भाऊबंद. रक्तात उतरतो." ती जनावरांच्या डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होती.

पुढं जे झालं ते आठवलं की अजून हसू येतं आणि डोळेही भरतात. झेंडूच्या माळा लावलेल्या लग्नाच्या ट्रॅक्स गाडीत नवरीशेजारी आमचा खंड्या, मागं मी आणि मामंजी! सासू पुढं बसून धुसफुसत होती, पण खंड्याला ऊन लागतंय म्हणून काचेला आपला टॉवेल तिनंच लावला. ओतूरला नवरीच्या ओळखीच्या डॉक्टरांनी रविवार असून दार उघडलं. रक्ताचा थेंब काचेवर घेतला, रंगवला आणि बारीक ते मोठं दाखवणाऱ्या यंत्राखाली ठेवला. मी म्हटलं, मलाही बघू द्या. लाल गोल पेशी आणि त्यांच्या पोटात थेंबाच्या आकाराचे बारीक जीव, जोडीजोडीनं बसलेले. "बघा मावशी, हेसुद्धा जोडीनंच आलेत," नवरी म्हणाली आणि नवरा लाजला. एवढंसं काहीतरी आमचं घर मोडायला निघालं होतं आणि ते उघड्या डोळ्यांना दिसतसुद्धा नव्हतं. मामंजींना मी ते वर्णन करून सांगितलं. ते हात जोडून ऐकत होते.

इंजेक्शन झालं, सलाइन झालं. खंड्या जगेल असं डॉक्टरही ठामपणे म्हणाले नव्हते. पण एका सकाळी मी भाकरी थापत असताना अंगणात घुंगरू वाजलं आणि त्यामागून मामंजींची काठी. मी पिठाच्या हातानंच बाहेर धावले आणि उंबऱ्यात उभी राहून घळाघळा रडले.

माझी चौकशी मात्र सुटली नाही. मी विचारलं, "मामंजी, तिसऱ्याच पायरीवर तुम्हाला कुणी बसवलं?" ते म्हणाले, "माझ्या गुडघ्यानं बसवलं. गुडघ्याला कुणी बसवलं, ते तू इचार." मी खूप दिवस विचारलं. उत्तर आलं नाही. आता वाटतं, सगळी उत्तरं आपल्या हाती यावीत हा हट्टच असतो. देवावर सोडायचं म्हणजे डोळे मिटायचे नसतात, हे मात्र मला एका आंधळ्या माणसानं शिकवलं.

कारण त्यानंतर रविवारचा रिवाज बदलला. मामंजी खंड्याला जवळ घ्यायचे, ओल्या फडक्यानं त्याचे कान स्वच्छ पुसायचे आणि भंडाऱ्याची वाटी बाजूला ठेवून मला हाक मारायचे. "सूनबाई, आदी तू बघ. कसा हाय रंग?"

मी कान उलटा करून उजेडात धरायची. "गुलाबी हाय, मामंजी."

मग ते वाटीत बोटं बुडवायचे.