चौतिसावं हाड

बुर्मा एजे, म्हणजे आमची बुर्माताई, नारिन शहरातल्या शाळेत वीस वर्षं गणित शिकवते आणि फळ्यावर तिची चूक अजून कुणाला सापडलेली नाही. संगणक मात्र तिने पन्नाशीत हाती धरला. मी शेजारच्या वर्गात भूगोल शिकवतो, त्यामुळे तिची चिडचिड आधी माझ्याच वाट्याला येते.

तिच्या मुलीचं लग्न होतं. आमच्याकडे जेवणात प्रत्येक वडीलधाऱ्याला वयाप्रमाणे मानाचं, मांसासकट हाड द्यायचं आणि जो येणार नाही त्याचं पिशवीत घालून घरी पाठवायचं. एखादा राहून गेला तर तो मरेपर्यंत बोलून दाखवतो. म्हणून एजेने प्रोग्राम लिहिला. फोन करकरून सगळ्यांची यादी केली, संख्या वेगळी टिपली, मग ताटांसाठी यादीची प्रत काढून तिच्यातून न येणारे नऊ जण वगळले.

आदल्या दिवशी दुपारी तिने मला ओढतच नेलं.

"संख्या चौतीस आणि मूळ यादीत नावं पंचवीस. मी प्रतीतलीच काढली होती रे."

"मग मूळ यादीतली कुणी काढली?"

"मला विचारतोस? ठाऊक असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?"

तिने संख्येची प्रत काढून त्यातून नऊ वजा केले. मूळ चौतीस जागच्या जागी. प्रतीत माझं नाव घातलं, तर ते मूळ यादीतही येऊन बसलं. आम्ही दोघं येड्यासारखे बघत राहिलो.

"संख्येची खरंच दुसरी संख्या झाली," ती शेवटी म्हणाली. "यादीला मी नुसतं दुसरं नाव दिलं. यादी एकच आहे."

"म्हणजे एकाच घोड्याला दोन नावांनी हाका मारल्यास."

"गप्प बस आणि नावं आठव."

व्याह्यांकडची पाच आठवली, आमच्या गल्लीतली तीन. नववं काही केल्या सुचेना. एजेने व्याह्यांची चार घरं पुन्हा पुन्हा मोजली. "त्यांच्यातलंच कुणीतरी आहे. माझी मुलगी आयुष्यभर टोमणे खाईल," म्हणत ती डोकं धरून बसली.

तेवढ्यात आत-बाशी गावाहून तिच्या आईचा, तिच्या आपाचा फोन आला. गुडघ्यांमुळे येत नाही, हे म्हातारीने आठवड्यापूर्वीच कळवलं होतं.

"माझं हाड कुणाबरोबर पाठवतेस ग? मऊ शिजव, दात राहिले नाहीत."

एजेने माझ्याकडे बघून नऊ बोटं दाखवली.

"तुझं नाव सगळ्यांत आधी लिहिलंय, आपा," ती म्हणाली आणि रडू लागली.