ग्रहणात कापलेला एक्स-रे

फोन आला तेव्हा मी टिळकवाडीतल्या शाळेत पेपर तपासत होते. "विमल, सुनंदी गेली गं…" निपाणीहून माझे चुलते, आप्पा बोलत होते. मागोमाग म्हणाले, "देवाची मर्जी!" अंगाची लाही लाही झाली माझ्या. देवाला कशाला मधे ओढता?

सुनंदा, त्यांची मुलगी, कॉलेजात होती तेव्हा खोकला हटेना म्हणून आम्ही तिला कॅम्पातल्या डॉक्टरांकडं नेलं होतं. त्यांनी छातीचा एक्स-रे उजेडासमोर धरला. "हृदय मोठं दिसतंय. जन्मापासून छिद्र असावं. इको करून खात्री करा. वेळेत बंद केलं तर पोरगी ठणठणीत राहील." इतकं सरळ सांगितलं. बाहेर येताच आप्पा म्हणाले, "लगीन होईस्तोवर ब्र काढायचा न्हाय." सुनंदा हसली, "व्हय, भोक पडलेली पोरगी कोण करतंय?" चेष्टेची लई खोड तिला. मी आप्पांशी भांडले, तर "तिच्या संसारात बिब्बा घालू नगंस," हे उत्तर!

पुढं ग्रहण आलं. गल्लीतली पोरं सूर्य बघायला काळी फिल्म मागायला लागली, आणि या माणसानं तोच एक्स-रे कात्रीनं कापून वाटला. फुफ्फुसांचा काळा भाग पोरांनी नेला. मधला पांढरा, काळजाचा, सूर्य बघायला बिनकामाचा… तो केरात गेला. सुनंदा एवढंच म्हणाली, "सुटलासा की आप्पा."

लग्न होऊन ती कोगनोळीला गेली. सासरी कुणाला पत्ता नव्हता. राधा झाली आणि सुनंदाला धाप लागायला लागली. नवऱ्यानं कोल्हापूरला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी मान हलवली. फुफ्फुसांवर इतका दाब चढला होता, की आता छिद्र बुजवणंच धोक्याचं होतं. बरं होणारं दुखणं होतं हो ते! लाज राखली म्हणे. कुणाची?

दिवसकार्य झाल्यावर मी म्हटलं, राधाची छाती तपासून घेऊ. आप्पा उसळले, "पोरीची जात हाय, आत्तापास्नं बोभाटा कशाला?" राधाचा बाप मात्र एका शब्दात तयार झाला. एक्स-रे काढला, इकोही केला. काळीज धडधाकट निघालं. मी तिथंच रडले.

आप्पांनी तो एक्स-रे हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "जपून ठेवा रं ह्यो. लग्नाच्या वक्ताला दाखवाय हुईल."

मी तो हातातनं हिसकावून घेतला. आता माझ्या खोलीत खिडकीच्या काचेला लावलाय. ऊन आलं की राधाचं काळीज दिसतं. आप्पांनी मागितला तरी देणार नाही.