आठव्या घडीतले सण

सातपुड्याला सात घड्या आहेत असं म्हणतात. आठवीही आहे, हे मलकापुरात फक्त गुलाम रसूलचाचांना ठाऊक होतं. त्या घडीत एक गाव होतं, गावाला पाच ऋतू होते आणि कुठल्याही कॅलेंडरात न सापडणारे सण होते.

चाचा पिंजारी होते. गाद्या-रजया भरून द्यायचे. कापूस पिंजायच्या धनुकलीची तात टुंय टुंय वाजायची, कापूस उडायचा, दुपारपर्यंत चाचांच्या भुवया पांढऱ्याफेक व्हायच्या आणि आम्ही गल्लीतली पोरं दुकानाच्या पायरीवर बसून सण ऐकायचो. आमच्या गल्लीत खऱ्या सणांनाही काही तोटा नव्हता. पण ईदला शेजारचा कामरान नव्या कपड्यांत असायचा आणि मी जुन्या फ्रॉकवर त्याच्याकडे शिरखुर्मा खायला जायची. भीमजयंतीला मी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आणि कामरान जुन्या सदऱ्यात. कुणी घरचं, कुणी पाहुणं. आठव्या घडीतल्या सणांना मात्र सगळेच घरचे असत, म्हणून ते आम्हाला जास्त आवडायचे.

पहिली थंडी पडली की तिथं गोधडीची वरात निघायची. वर्षभर पेटीत घुसमटलेल्या गोधड्यांना अंगावर घेण्याआधी वाजतगाजत गावभर फिरवायचं, आणि सगळ्यांत म्हाताऱ्या गोधडीला घोड्यावर बसवायचं. आम्हीही काढली ती वरात. घोडा मिळेना म्हणून कामरानची शेळी धरली. तिनं माझ्या आजीच्या गोधडीचा कोपरा खाल्ला, आणि आजीनं आम्हाला जे झोडपलं ते आठवून अजून पाठ शेकते.

माझा लाडका सण बिनसावलीचा. मे महिन्यात एका दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली गडप होते. चाचा सांगायचे, "त्या दिवशी कोनी लहान नाई, कोनी मोठं नाई. सावलीच नाई, त मोजसान काय? पाटील भांडे घासते अन् भांडेवाली त्याच्या खाटेवर बसून म्हन्ते, नीट घास बे!"

चौथीच्या सहामाहीत निबंध आला, 'माझा आवडता सण'. मी शहाणीनं दोन पानं भरून बिनसावलीचा सण लिहिला. बाईंनी लाल शाईत भोपळा दिला आणि खाली शेरा मारला, 'असा सण महाराष्ट्रात साजरा होत नाही.'

माझे बाबा दयाराम रेल्वेत गँगमन होते. भर उन्हात रूळ ठोकायचे आणि घरी आल्यावर आधी माझी वही मागायचे. पोरीनं शिकावं, एवढा एकच ध्यास. तो भोपळा पाहून त्यांचं डोकं फिरलं. मला कान धरून त्यांनी चाचांच्या दुकानात नेलं. बघायला अर्धी गल्ली जमली.

"हे कोनं शिकवलं तुले?" बाबा ओरडले.

मला पक्कं माहीत होतं की आठवी घडी नाही. आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं, गंमत त्यातच होती. पण मी चाचांकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "चाचांनं. ते म्हने, हे खरं हाये."

चाचांनी हातातला कापूस खाली ठेवला. "हो, दयारामभाऊ," ते म्हणाले. "मीच सांगतलं तसं. माही चूक झाली."

त्यानंतर मी त्या पायरीवर गेले नाही. शाळेतून लांबच्या रस्त्यानं घरी यायची. वर्षभरात बाबांची बदली भुसावळला झाली आणि मी सुटले. सुटले कसली! बत्तीस वर्षं ते वाक्य घशात काट्यासारखं अडकून होतं. कुणी साधं खोटं बोललं तरी मी भांडायला उठते, सगळे माझ्या जिभेला भितात. आणि आयुष्यातलं सगळ्यांत नीच खोटं माझंच होतं.

गेल्या हिवाळ्यात लग्नाला मलकापूरला गेले तेव्हा ठरवलं, आज माफी मागायची. दुकानात आता पिंजायचं मशीन आहे आणि चाचांची सून गौसिया ते चालवते. ऐंशीचे चाचा कोपऱ्यात गादीवर बसले होते. शेजारी सात-आठ वर्षांची नात अदीबा.

"दयारामची महामाया," मी नाव सांगितलं. चाचांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही.

"पायरीवर पोट्टे दिसत नाहीत?" मी विचारलं.

गौसिया हसली. "कोन येईन ताई? मी लग्न होऊन आली तेव्हापासून पाहून राह्यली, अब्बा सन सांगाच्या आंधी म्हन्तेत, हे खोटं हाये बरं. मंग पोट्टे उठून जातेत."

"त्या दिवशी दयारामभाऊले शब्द देला होता," चाचा म्हणाले. "पुन्हा कोन्या लेकराचे मार्क जाऊ नये."

मला तिथंच रडू फुटलं. पदर तोंडाशी धरून मी सगळं सांगून टाकलं. "चाचा, तुम्ही तसं कधीच म्हटलं नव्हतं. मी खोटं बोलली."

"मले ठाऊक नाई का बेटा? सांगनारा त मीच होतो."

"मंग काऊन कबूल केलं? साऱ्या गल्लीसमोर?"

"तुया बापानं पायातली चप्पल काढेल होती," चाचा म्हणाले. "तुले मांगं दिसली नसंन. मले समोरून दिसत होती."

गौसियानं मशीन थांबवलं. चाचांनी डोळे पुसले आणि विषय बदलावा म्हणून नातीला जवळ ओढलं. "आयक अदीबा, आठव्या घडीत आता पहिली थंडी पडली असंन..."

"खोटं हाये ना हे, दादाजान?" अदीबानं सवयीनं विचारलं.

चाचांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "नाई बेटा, खरं हाये. मी त्याच गावची हाये."